होडीतून उतरलेला भाऊ

एका म्हाताऱ्या बाईला मी एक सिनेमा शेवटपर्यंत दाखवला, आणि तो दाखवायला नको होता. माझी चूक लिहून काढली तर अशी एका ओळीत मावते. ती एका ओळीत मावावी अशाच बेताने गेली दोन वर्षं मी ती सांगत आलो. बायकोला सांगितली, कामावरच्या दोघा-तिघांना सांगितली. हौसेने गेलो आणि भलतंच होऊन बसलं, असं म्हणायचो. ऐकणारा म्हणायचा, तुझा हेतू चांगला होता ना, मग झालं. मी मान हलवायचो. ते मान हलवणंही चुकीतच धरलं पाहिजे, पण त्याकडे नंतर येतो. आधी ज्यांचा तो सिनेमा होता त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

मी त्यांना काका म्हणायचो. पेणला खाडीच्या अंगाला त्यांचं घर. घराच्या मागच्या खोलीत मी लग्नाआधीची पाच वर्षं भाड्याने राहिलो. माझं गाव खांबजवळचं. डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे लागलो होतो आणि शिफ्ट सांभाळून गावाहून ये-जा जमेना. खोली दाखवताना काकांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं ते असं :

"सिनेमा बघतोस?"

"बघतो."

"एकेक किती वेला?"

"आवडला तर दोन-तीनदा."

काकांनी तोंड कडू केलं. "एकदा बघायचा. एकदाच. दुसऱ्यांदा बघायचा नाय. दुसऱ्यांदा नाय."

मला वाटलं, हे चक्रम आहेत. आतून काकी म्हणाल्या, "त्याला खोली दावा आधी. सिनेमाचं मंगशी."

काका प्रत्येक गोष्ट दोनदा बोलत. मीठ वाढ म्हणायचं असेल तरी दोनदा. आधी वाटायचं ऐकायला कमी येत असेल. तसं नव्हतं. ती त्यांना मिठागराने लावलेली सवय होती. सोळाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत ते मिठागरात कामाला होते. उधाणाचं पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात आटवायचं, मग पुरुषांनी लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून कडेला आणायचं आणि बायांनी ते टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन, बांधावरच्या ढिगावर नेऊन टाकायचं. पांढऱ्या मिठावरून ऊन डोळ्यांत परत येतं. सकाळी दहानंतर माणसाला स्वतःचं नावही नको होतं. तिथे काका सिनेमा सांगायचे.

पेणच्या थिएटरला नवा सिनेमा लागला की काका धुतलेला सदरा घालून जात, एकदाच बघत, आणि दुसऱ्या दिवसापासून मिठागरात तो सुरू होई. अडचण अशी की ऐकणाऱ्या एका जागी थांबत नसत. एक बाई टोपली घेऊन ढिगाकडे गेली की तिचा तेवढा भाग बुडायचा. म्हणून प्रत्येक प्रसंग शेवटची बाई परत येईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचा. दोनदा, तीनदा, कधी पाचदा. अडीच तासांचा सिनेमा मिठागरात आठ-दहा दिवस चाले. त्यांतल्या बऱ्याच बायांनी थिएटर फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं. त्यांना सिनेमा म्हणजे काकांचा आवाज, आणि पायाखाली टोचणारं मीठ.

मिठागर सुटलं तरी सांगणं सुटलं नाही. मी पहिल्या शिफ्टहून दुपारी परत येई तेव्हा चहा झालेला असे. काकी भिंतीला टेकून काहीतरी निवडत बसलेल्या असत आणि म्हणत, "सांगा." एवढंच. कोणता सांगा हे त्या म्हणत नसत. काका त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत. एकदा मी विचारलं, "काकी, तुम्हाला एवढे सिनेमे आवडतात, तर टीव्हीवर का नाही बघत?"

"त्याच्यात ते मधी जाहिराती लावतात," काकी म्हणाल्या. "हे नाय लावत."

"मधी पानी मागतो मी," काका म्हणाले. "पानी मागतो."

सिनेमांची नावं काकांच्या लक्षात नसत. नटनट्यांचीही नसत. प्रत्येक सिनेमा ते आपल्या आयुष्यातल्या एखाद्या खुणेने ओळखत. 'पायाला काच लागली होती तेव्हाचा.' 'बापाशी अबोला होता तेव्हाचा.' 'थोरली पोटात होती तेव्हाचा.' मी एकदा एका गाजलेल्या सिनेमाची गोष्ट सांगून विचारलं की हा पाहिलाय का. काका बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "तो होय. मला तेव्हा कावील झाली होती. लय पिवला सिनेमा." तो कृष्णधवल होता.

त्यांच्या पाहण्यातला एखादा जुना सिनेमा टीव्हीवर लागला तर ते उठून अंगणात जात आणि संपेपर्यंत शेवग्याखाली उभे राहत. पाऊस असला तर छत्री घेऊन. गल्लीतली पोरं मुद्दाम आवाज वाढवायची. काका कानांत बोटं घालून उभे. सगळ्यांना त्याचं हसू यायचं, मलाही. पण एकदा मी छत्रीत शिरून विचारलंच, की एकच सिनेमा पुन्हा पाहिला तर बिघडतं काय.

"सिनेमाचं बिघडत नाय. तो तसाच हाय." ते हळू बोलले. "आपले डोले बारीक झालेले असतात. वय झालं की मानसाला नुसत्या चुका दिसतात. मी तो बघितला तवा वीस वर्षांचा होतो. आता ह्या डोल्यांनी बघितला तर त्या वीस वर्षांच्या पोराला कोन सांभालनार? कोन सांभालनार त्याला?"

हे मी तेव्हा कामावर जाऊन हसत सांगितलं होतं.

माझं लग्न झालं, रोह्याला दुसरी नोकरी मिळाली, पण पेणचं जाणं-येणं राहिलं. मुलगी लहान असताना आम्ही दोघांनी काका-काकींना पनवेलला मॉलमधल्या थिएटरात नेलं. काकींना सरकत्या जिन्यावर पाय ठेववेना, काकांनी त्यांना जवळजवळ उचलून वर ठेवलं. सिनेमात एक बाई नवऱ्याच्या खुनाचा तपास करत होती. मध्यंतर झालं तसे काका उठले. "चल," काकींना म्हणाले. "पुढचं मला कललं. तुला भाईर सांगतो."

"अहो काका, अर्धा बाकी आहे."

"ती आता त्या पोलिसाच्या मागं लागनार, मंग मारामारी. आमाला नको."

आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर आलो तेव्हा म्हातारा-म्हातारी एका बाकावर बसून मक्याचे दाणे खात होती आणि काकींचे डोळे ओले होते. काकांच्या उत्तरार्धात ती बाई खुनी शोधते, त्याच्या घरी जाते, तिथे त्याची आई तिला जेवायला वाढते, आणि बाई काही न बोलता जेवून परत येते. आम्ही आत पाहिलेल्या उत्तरार्धात खरंच मारामारी होती. बायको गाडीत मला म्हणाली, "आपणच फसलो."

माझे वडील वारले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तेराव्यानंतर पेणला परत आलो. कामावर जायचो, डबा तसाच परत आणायचो. काकींनी दोन दिवस पाहिलं आणि मला ओटीवर बोलावलं. काकांना म्हणाल्या, "ह्याला सांगा." काकांनी तीन दिवस मला एक सिनेमा सांगितला. त्यातला बाप रेल्वेच्या फाटकावर कामाला असतो. पोरगा शहराकडे निघतो तेव्हा बाप स्टेशनवर निरोप द्यायलाही येत नाही. पोरगा रागातच डब्यात बसतो. गाडी फाटकावरून जाते तेव्हा बाप हिरवं निशाण धरून उभा असतो, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी हात खाली करत नाही. मी पेणला निघालो तेव्हा माझे वडील खांबच्या एसटी थांब्यावर आले नव्हते. हे मी काकांना कधीतरी बोललो असणार. तिसऱ्या दिवशी मी काकींच्या हातचं जेवलो.

तो सिनेमा मी आजवर शोधलेला नाही. हे लिहिताना लक्षात येतं की शोधायचा नाही हे मला न सांगता कळत होतं. स्वतःच्या बाबतीत कळत होतं.

आता तो दुसरा सिनेमा. काकांच्या खुणेने 'लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा'. तो काकींचा होता. वर्षातून दोन-तीनदा त्या स्वतःहून मागत, तेव्हा मात्र 'भावाचा सांगा' असं म्हणत. गोष्ट साधी आहे. खाडीकाठची एक मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून पलीकडच्या तीराला जाते. भाऊ तिला म्हणतो, तू आम्हाला मेलीस. दरवर्षी भाऊबीजेला ती ओवाळायचं ताट घेऊन धक्क्यावर जाऊन उभी राहते. वर्षं जातात. शेवटच्या दिवाळीत होडी येते, माणसं उतरतात, नारळांच्या पाट्या उतरतात. ती वळून घरी निघते. आणि नारळांच्या पाट्यांमागून भाऊ उतरतो. काका इथे आवाज खाली आणत. "उशीर झाला, भाऊ म्हनतो. उशीर झाला गो."

काकींचं लग्नही असंच झालं होतं. त्यांचं माहेर कासूच्या बाजूला, रेल्वेने अगदी जवळ. भावाने दुसरीकडे शब्द दिला होता, काकींनी त्या टोपली वाहायच्या त्याच मिठागरातल्या या सिनेमावाल्याशी लग्न केलं. भाऊ पुन्हा कधी दारात आला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. काकींना दहाव्याच्या दिवशी कळलं, तेही तिऱ्हाइताकडून. मी भेटायला गेलो होतो. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "त्याच्या मनात यायचं होतंच, बाला. वेल नाय मिलाला त्याला. सिनेमातला पन किती उशिरा निघाला." काका शेजारी बसून जमिनीकडे बघत होते. तेव्हा मी त्या बघण्याचा अर्थ लावला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, रोह्याला, मला माझा सिनेमा पुन्हा बघायची हुक्की आली. माझा म्हणजे मी सहा-सात वर्षांचा असताना गावच्या जत्रेत, तंबूत, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला. त्यात एक घोडा होता. जखमी मालकाला पाठीवर घेऊन डोंगरातून गावापर्यंत आणतो आणि दारात कोसळतो. तेव्हा मी इतका रडलो की वडिलांच्या टोपीवर माझे अश्रू पडले आणि त्यांनी ती काढून माझ्याच डोक्यावर ठेवली. माझे वडील अंगाला हात लावणाऱ्यांतले नव्हते. तो खांदा आणि ती टोपी, एवढंच त्यांचं माझ्याजवळ होतं. मुलगी आता कॉलेजात आहे. तिला म्हटलं, ये, तुला खरा सिनेमा दाखवतो. नेटवर होता.

तिने चांगुलपणाने पाऊण तास पाहिला. मग म्हणाली, "बाबा, घोडा बदलला."

"काय?"

"डोंगरावरच्या घोड्याचा एक पाय पांढरा आहे. दारातल्या घोड्याचा नाहीये. थांबा, मागे घेते."

तिने मागे घेऊन दाखवलं. खरंच दोन घोडे होते. शिवाय मालक झालेला नट घोड्यावर पालथा पडल्यावर स्वतःचा फेटा सावरत होता. आम्ही दोघं खूप हसलो. तिचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून वडिलांचा खांदा आठवायला गेलो की मला आधी तो पांढरा पाय दिसतो. पन्नाशीला आलेल्या माणसाने यासाठी दुःख करावं का, मला माहीत नाही. मी केलं, आणि कोणाला बोललो नाही.

पुढच्याच महिन्यात पेणला गेलो. काका आता सत्त्याहत्तरचे, दात गेलेले, आणि ओटीवर बसून काकींना भावाचा सिनेमा सांगत होते. नारळांच्या पाट्यांपाशी आले तसा त्यांचा चेहरा विशीतल्या माणसाचा झाला. काकींचाही. मी उंबऱ्यात उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझा मोडला आणि यांचा शाबूत कसा, एवढाच तो राग होता. मी तो तेव्हा ओळखला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. ओळखला होता.

तीन आठवडे मी नेटवर शोधत राहिलो. नाव माहीत नव्हतं. धक्का, होडी, भाऊबीज, जे सुचेल ते लिहून बघायचो. अखेर कोणीतरी जुन्या प्रतीवरून चढवलेला तो सिनेमा सापडला. रविवारी सकाळच्या गाडीने पेणला गेलो. फोन टीव्हीला जोडला. शेजारच्या वहिनीला बोलावलं, तिने आणखी चार बायकांना बोलावलं. काकी नवीन पातळ नेसून पुढे बसल्या. काका सवयीप्रमाणे अंगणात निघाले होते, मी त्यांना हाताला धरून आत आणलं.

"तुमचाच सिनेमा आहे काका. तुम्हीच बसला नाहीत तर कसं."

"मी बघितलाय," काका म्हणाले. "बघितलाय मी."

"काकींनी कुठे पाहिलाय?"

ते येऊन खुर्चीवर बसले.

पहिला अर्धा भाग फार छान गेला. काकी पडद्यावरच्या माणसांच्या आधी त्यांचे संवाद बोलत होत्या आणि बायका हसत होत्या. त्या मुलीला पाहून म्हणाल्या, "ही गो ती. मला वाटलेलं तशीच हाय." मध्यंतराची पाटी आली तसे काका उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"बस झालं. बस म्हनतो. चहा करा कोनीतरी. आता लाइट जाईल."

"काका, लाइट कुठे जातेय."

"जाईल. बंद कर तू."

"घाबरता काय म्हातारपणी?" मी म्हणालो. बायका हसल्या. शेजारची वहिनी म्हणाली, "बसा हो काका, आमाला तुमच्या आडून दिसत नाय." काका बाजूला झाले. ते पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत, दाराला पाठ लावून उभे राहिले.

शेवटी होडी आली. माणसं उतरली. नारळांच्या पाट्या नव्हत्याच. नावाडी त्या बहिणीला म्हणाला, तो आला नाही, येणारही नाही, तसं सांग म्हणालाय. ती ताट घेऊन परत फिरली. तिची पाठ लहान लहान होत गेली आणि सिनेमा संपला.

काकी टीव्हीकडेच बघत होत्या, अजून काहीतरी लागणार असल्यासारख्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ नाय आला?"

मी म्हणालो, "नाही आला काकी. काकांनी पन्नास वर्षं थाप मारली तुम्हाला."

हसतच म्हणालो. बायकाही हसल्या, जडपणा मोडला म्हणून त्यांना बरंच वाटलं. काकींनीही तोंडाला पदर लावला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घालून ते अंगणात गेले आणि मी निघेपर्यंत शेवग्याखालीच होते.

पाच-सहा महिन्यांनी शेजारची वहिनी रोह्याला नातेवाइकांकडे आली होती, बाजारात भेटली. म्हणाली, "तुमच्या काका-काकींचं काय बिनसलंय कलत नाय. चहा होतो नि दोघं दोन कोपऱ्यांत बसतात. काकी सांगा म्हनत नाय आनि काका सांगत नाय. आमालाच घर सुनं लागतं."

त्या दुपारी मी काकांना फोन केला. म्हणालो, "काका, माझ्या हातून चूक झाली. मला खरंच माहीत नव्हतं शेवट असा आहे."

काका म्हणाले, "तुला कसं ठाऊक असनार. कसं ठाऊक असनार, पोरा. तू हौसेनं आनलास."

त्यांनी मला माफ केलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. पण ती माफी त्यांनी ज्या माणसाला केली तो मी नव्हतो. मी शेवट पाहिला होता. रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरात कोणी नसताना, दार लावून. भाऊ येत नाही हे पाहिलं होतं, खात्री करायला तीनदा मागे घेऊन पाहिलं होतं, आणि तरी सकाळी तिकीट काढलं होतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. एका ओळीत मावणाऱ्या चुकीत ते बसत नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मी पेणला गेलो नाही. गाडीने पुढे पनवेलला जायचो तेव्हा पेण स्टेशन आलं की फोनमध्ये डोकं घालायचो. मागच्या महिन्यात एकदा गाडी तिथे क्रॉसिंगला खोळंबली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. फोनमध्ये बघण्यासारखं काही उरलं नाही. मी उतरलो.

काकी ओटीवर भिजवलेले वाल सोलत होत्या. काका पलीकडे पाटावर, भिंतीला डोकं टेकून. मला पाहून दोघांनीही आनंद दाखवला, रागावली असती तर सोपं गेलं असतं. काकी म्हणाल्या, "थांब, बिरडं करते, जेवून जा." मी त्यांच्यासमोर बसून वाल सोलायला घेतले. वालाची सालं पाण्यात पडत होती.

मग मीच त्या सिनेमाचा विषय काढला. काकांनी डोळे उघडले.

"ती गोष्ट मी बदलली ते मुद्दाम नाय," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते, पण काकींना ऐकू जाईल असं. "शेवट सांगायचा दिवस होता. ही डोक्यावर भरली टोपली घेऊन समोर उभी. ढिगाकडं जाईना, टोपली उतरवीना. दिवाली होऊन गेलेली, हिचा भाऊ आला नव्हता, सगल्या बायांना ठाऊक. माझ्याकडं बघत उभी. किती वेल उभी राहनार? मी भावाला उतरवला होडीतून. उतरवला."

"मंग खाली टाकली मी टोपली," काकी म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "माझा राग नाय हो तुमच्यावर." मग माझ्याकडे वळल्या. "एवढंच झालंय की आता भरवसा वाटत नाय. हे जेवलो म्हनाले तरी वाटतं, खरंच जेवले की माझ्यासाठी म्हनतात. गुडघा दुखत नाय म्हनाले तरी तसंच. आनि भाऊ. तो निघाला असेल असं मी धरून बसलेली. ते पन ह्यांनीच मला दिलेलं निघालं. मंग माझं सोताचं काय राहिलं, बाला?"

काका पुन्हा भिंतीला टेकले. याचं उत्तर असतं तर एव्हाना त्यांनी ते दोनदा दिलं असतं. ते या घरात खोटे ठरले होते आणि मी अजून हौशी पाहुणा होतो, ज्याला जेवूनच जा म्हणत होते.

शेजारची वहिनी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. मी तिला हाक मारली. म्हणालो, वहिनी, जरा या, तुम्हीही त्या दिवशी होता. ती हात पुसत आली आणि पायरीवर बसली. काकी म्हणाल्या, "काय रे, काय झालं?" मी हातातले वाल खाली ठेवले.

"काकी, मला शेवट माहीत होता. आदल्या दिवशी मी तो रोह्याला एकट्याने पाहिला होता. तुमचा भाऊ येत नाही हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तुम्हाला पुढे बसवलं. माझा एक सिनेमा माझ्या डोळ्यांदेखत बिघडला होता, तुमचा शाबूत होता, ते मला बघवलं नाही. काका बंद कर म्हणाले तेव्हा मी थांबू शकत होतो. फोनवर माहीत नव्हतं म्हणालो, ती थाप. काकांनी तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही ओझं घेऊन उभ्या होता म्हणून सांगितलं. मी जे दाखवलं ते माझ्यासारखा तुमचाही मोडावा म्हणून दाखवलं. खोटा मी आहे, काका नाहीत. काका, काकी, मी चुकून नाही केलं. मला माफ करा."